मदत हवी आहे : बाबांना मराठीत मृत्युपत्र करायचंय
नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं घर बाबांच्या नावावर आहे. परवा त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एफडीच्या पावत्या काढल्या, सगळीकडे नॉमिनी मीच. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शेअर्सबाबतही हेच सांगितलं. ताईचा वाटा तिला सन्मानाने मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, एवढं ठाऊक आहे. बाबांना ते मराठीतच, स्वतःच्या अक्षरात लिहायचंय. इथल्या सब-रजिस्ट्रारकडे असं कुणी नोंदवलंय का? गुजराती भाषांतर जोडावं लागलं का? आणि आईला हयातभर घरात राहता यावं, हे नेमकं कोणत्या शब्दांत लिहावं?

बाबांचा हात आता सही करताना थरथरतो, म्हणून घाई आहे.