मदत हवी आहे: चालू स्थितीतला समुद्री अ‍ॅक्वेरियम द्यायचा आहे

मंडळी, बदली झाल्यामुळे घरचा खाऱ्या पाण्याचा टँक विकायचा आहे. राहायला प्रतापनगरला. चार फुटी टँक, साधारण 300 लिटर, सोबत संप (खालची फिल्टरची टाकी), स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि पाणी थंड ठेवणारा चिलर. चिलर वेगळा काढून देणार नाही. नागपूरचा मे महिना, बाहेर 45 अंश, आणि या माशांना पाणी लागतं 25-26 अंशांचं.

क्लाउनफिशची जोडी आहे. मादी मोठी, नर तिच्या मागे मागे. हात पाण्यात घातला की ती येऊन टोचते. ही जोडी फोडायची नाही, एवढी एकच अट. पोवळी ठेवलेली नाहीत, कायद्यानं विकताही येत नाहीत.

खरी अडचण लाइव्ह रॉकची, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू ज्यात राहतात त्या सच्छिद्र दगडाची. तो वाटेत सुकला तर त्यातले जिवाणू मरतात, नव्या टँकमध्ये अमोनिया वाढतो आणि मासे जातात. म्हणून जुन्या पाण्यातच, झाकणाच्या ड्रममध्ये न्यायला हवा. वाळू मात्र नवीनच घालावी, जुनी ढवळली की घाण वर येते.

नागपुरात किंवा वर्ध्या-अमरावतीकडे खारा टँक सांभाळलेलं कोणी आहे का? अख्खा सेट एकत्र विकताना किंमत कशी लावता? दुकानदार फक्त काचेचे पैसे सांगतात. जाणकार माणूस मिळाला तर मी भाव कमी करीन.