लॉटरी लागली, पण नाव नका छापू : तुमचे अनुभव लिहा

मधलीताई

काल स्टँडवरून येताना लॉटरीच्या स्टॉलवर नवा फ्लेक्स दिसला. 'आमच्याकडे लागले! ७ लाख!' खाली विजेत्याचा फोटो, गळ्यात झेंडूचा हार, हातात पुठ्ठ्याचा भला मोठा चेक. बिचारा हसत होता, पण बघत होता भलतीकडेच. बाजूला कोण उभं होतं कुणास ठाऊक. मला एकदम आमचे अण्णा आठवले. दूध घ्यायचं विसरून तशीच घरी आले.

१९८६ साल. अण्णा एसटीत कंडक्टर. महाराष्ट्र राज्य लॉटरीचं ५० हजारांचं बक्षीस लागलं. अण्णांनी स्टॉलवाल्याला हात जोडून सांगितलं होतं, "आकडा लाव, नाव नको लावू." त्याने फळ्यावर खडूने लिहिलं, 'विजेते : कंडक्टर साहेब', आणि पुढे डेपोचं नाव. शब्द पाळला हो त्याने, नाव नाही लिहिलं!

तिसऱ्या दिवशी मंडळाची पोरं ५०१ ची पावती आधीच फाडून घेऊन आली. डेपोत अण्णांना 'शेठ' म्हणायला लागले, ते रिटायर होईपर्यंत शेठच. ताईच्या लग्नाची बोलणी झाली होती, मुलाकडच्यांनी निरोप धाडला की आता स्कूटर व्हायला हरकत नाही. दिली अण्णांनी. आणि आई दोन वर्षं नवी साडी नेसली नाही. नेसली की बायका पदराला हात लावून विचारायच्या, "लॉटरीची का?"

तर ज्याला लागली त्याला नाव लपवायची मुभा असावी का? तुमच्या घरात, चाळीत, गावात काही घडलं असेल तर लिहा. भिशी, म्हाडा, काहीही चालेल.

पावटा

मला लागली तर नाव छापा, फोटो छापा, आधार कार्ड छापा. आधी लागू तर दे.

सुगरणबाई

साडीचं वाचून गलबलून आलं गं. आमच्याकडे भिशी लागली तरी सासूबाई म्हणायच्या, पैसे मिळालेत हे चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस. लिहिते सविस्तर, गॅसवर भाजी आहे.

गाळा नंबर तीन

मी विक्रेत्याचा मुलगा, त्यामुळे थोडं उलटं बोलणार, रागावू नका.

राज्य लॉटरी १९६९ ला आली ती मटक्याचं गिऱ्हाईक इकडे वळावं म्हणून. पण मटक्यात माणूस शेजारच्याला जिंकताना बघायचा. आमच्या स्टॉलवर रोज एक तरी म्हणायचा, "लागत कुणालाच नाही, सगळं आतल्या आत असतं." सोडत वाशीला लोकांसमोर होते, पण आमच्या गिऱ्हाइकाने वाशी कुठे बघितलीय? त्याला गल्लीतला माणूसच दाखवायला लागतो. फळ्यावर नाव लागलं की त्या आठवड्यात दोऱ्याला लावलेली सगळी तिकिटं संपायची. उरलेली दुपारी चारनंतर ओरडून विकायची वेळ यायची नाही.

तरी एक सांगतो. एकदा एका हमालाला बऱ्यापैकी रक्कम लागली. वडिलांनी त्याचा फोटो काढून काचेला लावला. आठ दिवसांनी त्याची बायको आली, काही न बोलता फोटो काढला, चार तुकडे केले आणि कमरेला खोचून निघून गेली. वडीलही गप्प. त्यानंतर आम्ही फक्त गावाचं नाव लिहायचो.

पावटा

गाव हजार वस्तीचं असेल तर काय उपयोग? संध्याकाळपर्यंत पारावर नाव फुटणार.

गाळा नंबर तीन

संध्याकाळ? तासाभरात.

भरतपुळा

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं पालघाटला होतो. केरळात लॉटरी हा विनोदाचा विषय नाही, सरकारी खातं आहे ते, १९६७ पासूनचं. ओणम बंपर म्हणजे तर सणच.

२०२२ चा ओणम बंपर २५ कोटींचा होता. तिरुअनंतपुरमच्या एका रिक्षावाल्याला लागला. ५०० च्या तिकिटाला पन्नास कमी पडत होते म्हणून त्याने पोराची पैसे साठवायची डबी फोडली होती. मलेशियाला आचारी म्हणून जायच्या तयारीत होता. पहिल्या दिवशी सगळ्या चॅनेलवर तो, त्याची बायको, कडेवरचं पोर. आठवडाभरात त्याचाच व्हिडिओ आला, लागलीच नसती तर बरं झालं असतं, घरात राहता येत नाहीये. दारात पहाटेपासून लोक. कुणाला ऑपरेशन, कुणाला मुलीचं लग्न. आणि पैसे तर अजून खात्यात आलेलेही नव्हते!

आमच्या कँटीनमध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. पुढच्याच ख्रिसमस-नववर्ष बंपरच्या १६ कोटीवाल्याने खात्याला सांगून टाकलं, माझं नाव बाहेर पडता कामा नये. शहाणा! आता तर तिथे विजेत्यांसाठी पैशाच्या नियोजनाचे वर्गही घेतात म्हणे. हाताखालचा पोरगा म्हणाला होता, "सर, वर्ग नातेवाइकांचे घ्यायला पाहिजेत."

आकडेमोड

वर्गाचं पटलं. त्या २५ कोटींचा हिशोब कुणीच धड सांगत नाही म्हणून लिहितो (सीए आहे, सवय). १० टक्के एजंटचं कमिशन, उरले साडेबावीस. त्यावर ३० टक्के कर, म्हणून पेपरात १५.७५ कोटी आलं. पण एवढ्या रकमेवर सरचार्ज आणि उपकरही असतो. तेव्हाच्या दराने हातात पडतात १२ कोटी ८८ लाख. दारातला माणूस मात्र २५ कोटी बघूनच येतो. नाव छापायचंच असेल तर शेजारी हातात आलेली रक्कम छापा.

माझ्या एका अशिलाला छोटं बक्षीस लागलं होतं. रिटर्न भरताना कुजबुजत म्हणाला, "हे माझ्या भावाला दिसणार नाही ना?" भाऊ बाहेर माझ्याच बाकावर बसलेला.

कोल्हापुरी चप्पल

हसून हसून पुरेवाट!

म्हाडाग्रस्त

ताई, म्हाडा चालेल म्हणालात म्हणून. आमच्या वेळी सोडत बांद्र्याला रंगशारदात व्हायची. मी गेलो नव्हतो, साहेबांनी रजाच दिली नाही. यादीत नाव आलं, आणि मी आईला फोन करायच्या आधी ऑफिसातले तिघे पेढे मागत टेबलाशी उभे. यादी सगळ्यांना खुली. नाव, गट, सगळं.

अहो, मी पैसे नव्हते जिंकले, कर्ज काढायची परवानगी जिंकली होती! पण मेव्हणा आठ महिने बोलला नाही, कारण आम्ही फॉर्म भरल्याचं त्याला सांगितलं नव्हतं. दलालांचे फोन वेगळेच.

तरीपण म्हाडाची यादी खुलीच हवी असं माझं मत आहे. ती झाकली तर कुणाकुणाची पोरं त्यात शिरतील देव जाणे.

चौकस काका

म्हाडाग्रस्त, कुठल्या गटात लागलं होतं? अनामत किती होती तेव्हा? माझ्या पुतण्याला भरायचा आहे फॉर्म.

म्हाडाग्रस्त

काका, अल्प उत्पन्न. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

डेमॉइनकर

मी अमेरिकेत, आयोवात राहतो. इथे विजेत्याचं नाव लपवता येत नाही, आणि केवळ त्यामुळे एक मोठी चोरी पकडली गेली.

डिसेंबर २०१० मध्ये आमच्याच शहरात, हायवेजवळच्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात 'हॉट लोटो'चं तिकीट विकलं गेलं. १ कोटी ६५ लाख डॉलरचं. वर्षभर मालक पुढे येईना. मुदत संपायला जेमतेम दोन तास असताना बेलीझमधल्या कुठल्याशा ट्रस्टच्या नावाने दावा आला. लॉटरीवाले म्हणाले, तिकीट विकत घेतलेल्या माणसाचं नाव सांगा, मगच पैसे. सांगेनात. शेवटी दावाच मागे घेतला. लॉटरीवर पाणी कोण सोडतं? तिथेच संशय आला. पुढे दुकानातलं चित्रण लोकांना दाखवलं, आणि आवाज-चाल ओळखून निघाला एडी टिप्टन, म्हणजे लॉटऱ्या चालवणाऱ्या संस्थेचा सुरक्षाप्रमुखच. आकडे काढणाऱ्या संगणकातच त्याने आपला छुपा कोड घालून ठेवलेला. २०१७ मध्ये २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

मी रोज त्या पंपावरून जायचो. बायको अजून म्हणते, "तू तेव्हा कॉफीच घेत बसलास."

थंडीतली राणी

डेमॉइनकर, पण तिकडेच न्यू हॅम्पशायरमध्ये २०१८ ला एका बाईने कोर्टात जाऊन नाव लपवलं ना? ५६ कोटी डॉलर. तिकिटामागे सही करून बसली आणि मग कळलं की ट्रस्टच्या नावाने दावा करता आला असता. कोर्ट म्हणालं, गावाचं नाव सांगा, बाईचं नको. लॉटरीवाल्यांना ती कोण हे माहीत होतंच की. चोर पकडायला तेवढं पुरे. जगाला कशाला?

इकडे इंग्लंडात तर प्रसिद्धी हवी की नको ते विजेत्यालाच विचारतात. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. माझी कधी दहा पौंडाच्या वर गेली नाही. 😄

खाडीवरचा खानविलकर

कुणी एक गोष्ट बोलत नाही. दुबईला आम्ही एका खोलीत नऊ जण, नऊ जणांत अबू धाबीच्या 'बिग तिकीट' लॉटरीचं तिकीट काढायचो. पैसे सगळ्यांचे, तिकीट एकाच्या नावावर. लागलं की थेट कार्यक्रमातूनच फोन येतो, नाव जाहीर होतं. तेच आमचं संरक्षण! नाव गुप्त राहिलं असतं तर ज्याच्या नावावर तिकीट तो रातोरात राजापूरला पोचला असता आणि आम्ही आठ जण खोलीत डाळ शिजवत बसलो असतो.

लागलं कधीच नाही ही गोष्ट वेगळी. पण दर महिन्याच्या सोडतीच्या रात्री त्या एकाचा फोन मध्ये ठेवून सगळे भोवती बसायचे. तो मुतायला गेला तरी एक जण बरोबर.

पावटा

😂😂 सुरक्षा कडेकोट

सुगरणबाई

आले परत. भाजी लागली. 😑

आमच्या सासऱ्यांना व्हॉट्सअॅपवर मेसेज आला होता, केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली, कुणाला सांगू नका, नाहीतर रद्द होईल. 'कुणाला सांगू नका' हे त्यांना इतकं पटलं की खरंच कुणाला सांगितलं नाही. दोन वेळा पैसे भरले. प्रक्रिया शुल्क म्हणे. तिसऱ्या वेळी बँकेतल्या मुलीने हटकलं म्हणून कळलं. त्यानंतर बरेच दिवस जेवायला खाली यायचे नाहीत.

निवृत्त नामदेव

सुगरणबाई, सायबर हेल्पलाइनच्या १९३० नंबरवर तक्रार केली का? ताबडतोब केली तर पैसे गोठवता येतात.

सुगरणबाई

तेव्हा नंबरच माहीत नव्हता हो. आता फ्रिजवर चिकटवलाय.

कोल्हापुरी चप्पल

मधलीताई, ५० हजारांचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीत.

मधलीताई

कर कापून आले. माडीचे पत्रे बदलले, ती स्कूटर, थोडे पोस्टात. उरलेले उसने गेले. अण्णा वहीत लिहायचे, मागायचे मात्र कधी नाहीत. "शेठ ना मी," म्हणायचे.

अण्णा २०११ ला गेले. दहाव्याला एक म्हातारे गृहस्थ आले, आईच्या हातात पाकीट दिलं, चहाही घेतला नाही. आत दोन हजार. आईने नाव विचारलं तर म्हणाले, "राहू द्या वहिनी, वहीत असेल." वहीत दोन हजारांच्या चार नोंदी. त्यातले ते कुठले, आम्हाला अजून माहीत नाही.

गाळा नंबर तीन, तुमचं वाचून मत थोडं डळमळलं. आमच्या स्टॉलवाल्यालाही पोटच होतं. पण 'कंडक्टर साहेब' लिहायचं म्हणजे...

गाळा नंबर तीन

डोकं होतं त्याला. 🙏 स्टॉल कुठला, एसटी कँटीनच्या बाजूचा का? वडिलांच्या ओळखीचा निघेल.

मधलीताई

तोच! पुढे त्याने झेरॉक्स टाकलं.

चौकस काका

म्हाडाग्रस्त, व्यनि आला नाही.