विषय: बॉनेटवर गंज, दारावर फुगे

नमस्कार मंडळी,
कित्येक वर्षं झाकून ठेवलेली जुनी गाडी अखेर बाहेर काढली. बॉनेटवर तांबूस ठिपके आहेत, चालकाच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली दोन फुगे. शनिवारी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सगळं एकदाच खरवडावं म्हणतोय. कोणी केलंय का?

---

उत्तर:
अरे, आधी तो ग्राइंडर खाली ठेव! तारेच्या ब्रशने खड्ड्यातला गंज निघत नाही, नुसता घोटला जातो आणि लोखंडासारखाच चकाकतो. त्या चकाकीला मी एकदा भुललोय; वर्षाच्या आत नव्या रंगातून तांबडे डाग वर आले. शिवाय पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. ग्राइंडर एका जागी रेंगाळला की पत्रा तापून लहरतो, मग बस खळग्यांत लांबी (पुटी) भरत.

बॉनेटचं सोपं आहे. ८० नंबरच्या सँडपेपरने स्वच्छ धातू लागेपर्यंत घास, मग १८०, आणि भोवतालच्या रंगाची कड ३२० ने उतरती कर. डोळे मिटून बोट फिरव, पायरी लागता कामा नये. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा रंग पाणी लावूनच घास आणि चांगला मास्क लाव.

फुगे मात्र आतून आलेले असतात. काचेच्या फटीतून पाणी दारात शिरतं, ते तळाच्या भोकांतून निघून जायला हवं. आतलं पॅनेल काढून बघ, आणि फुग्यावर टोच्या दाबून बघ.

---

उत्तर:
काका, टोच्या आरपार गेला. भोकांतून चिखल निघाला, मूठभर. बॉनेट मात्र स्वच्छ झालंय. आता त्यावर कन्व्हर्टर (गंजाचं रूप बदलणारं रसायन) लावून वर इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा अस्तर थर) मारू ना?

---

उत्तर:
मध्येच बोलते, रंगांच्या कारखान्यात आयुष्य गेलंय. कन्व्हर्टरला काम करायला गंजच लागतो; टॅनिक आम्ल त्याचं काळं लोह टॅनेट करतं. स्वच्छ धातूवर ते कशाला? इपॉक्सीला उघडा पत्रा आवडतो, खाली आम्लाचा अंश राहिला तर पापुद्रे सुटतात. पाण्याने घासलं असशील तर पत्रा पूर्ण वाळव, तेलकटपणा काढणाऱ्या सॉल्व्हंटने पूस, आणि त्याच दिवशी प्रायमर मार. दमट हवेत उघडा पत्रा काही तासांत पुन्हा तांबूस होतो. नुसत्या राखाडी फिलर प्रायमरवर (बारीक ओरखडे भरणारा जाड थर) गाडी महिनोन्‌महिने ठेवू नकोस, तो पाणी पितो.

---

उत्तर:
ताईंचं ऐक. दाराला आता पेपर नाही, कात्री. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करू. रंग झाल्यावर आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण), फक्त भोकं मेणाने बुजवू नकोस म्हणजे झालं. वेल्डिंगचं यंत्र माझ्याकडे आहे. येताना दार सोडवून आण, अख्खी गाडी नको.