घर आता स्वतःचं आहे, तरी फोटो आतल्याच खोलीत

भांडुपवासी:
जय भीम. सहा वर्षं मुलुंडला भाड्याने राहिलो. आडनाव ऐकून दोन घरं हातची गेली होती, त्यामुळे तिसऱ्या वेळी एजंट म्हणाला, "फोटो आतल्या खोलीत लावा, मालक येत-जात असतात," तेव्हा ऐकलं. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये गेला. याला मी सावधपणा म्हणायचो.

यंदा भांडुपला स्वतःचं घर घेतलं. सामान लावताना फोटो हातात घेतला आणि पाय आपसूक बेडरूमकडे वळले. हॉलची भिंत मोकळीच होती! गोराईला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय, रोज पहाटे बसतो. तरी बेल वाजली की छातीत आवळल्यासारखं होतं.

धम्मपदातली ३१७ वी गाथा डोक्यातून जात नाही: "अभये भयदस्सिनो, भये चाभयदस्सिनो". भय नाही तिथे भय पाहणारे, आणि आहे तिथे न पाहणारे. मुलुंडला मी बरोबर होतो असं अजूनही वाटतं. भांडुपला तेच करतोय, ती मात्र नुसती सवयीची भीती. तुमचं मत सांगा.

चाळकरी:
दादा, स्पष्ट बोलतो. मुलुंडलाही चुकलंच. सिगालोवाद सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या एका उपदेशात, चार अगती (चुकीच्या वाटा) सांगितल्यात: छंद, द्वेष, मोह आणि भय. फोटो आत नेला तो भयापोटीच, नाव काहीही द्या. माझ्या आजोबांची बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांची खोली, घरात माणसं नऊ. फोटो मात्र दारासमोर. एकदा लपवायची सवय लागली की घर बदलून जात नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

दोन मुलींची आई:
आजोबांना माझा मानाचा जय भीम. पण त्यांच्या मजल्यावर आपली माणसं होती, हे विसरू नका. अगतीत पडणारा पापकर्म करतो, असं ते सुत्त म्हणतं. यांनी कोणतं पाप केलं? कोणाला फसवलं, कोणाचं काय घेतलं? लेकरं घेऊन दर अकरा महिन्यांनी टेम्पो भरायची पाळी आली की कळतं. गाथेचा दुसरा अर्धा भागही वाचा. समोर धोका असून न पाहणं म्हणजे धैर्य नाही, तो प्रमाद, म्हणजे गाफीलपणा. पंचशीलात रोज म्हणतो ना आपण, "पमादट्ठाना वेरमणी"? म्हणजे प्रमादापासून दूर राहायचं. तो शब्द दारूपुरताच नाही.

पहाटेची बैठक:
भयभेरव सुत्तात बुद्ध जानुस्सोणि ब्राह्मणाला बोधीआधीची हकिगत सांगतात. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमेच्या रात्री ते मुद्दाम भीतिदायक जागी राहायचे. मोर काटकी पाडायचा, वाऱ्याने पानं सळसळायची, आणि वाटायचं, आलं ते भय. चालत असताना आलं तर शमेपर्यंत चालतच राहायचे. थांबायचे नाहीत, बसायचे नाहीत. म्हणून म्हणते, बेल वाजली की हातातलं काम तसंच चालू ठेवा, छाती सैल होऊ द्या, मग दार उघडा. काही दिवस एवढंच करा. फोटोचं नंतर ठरवा.

चाळकरी:
ताई, ते अरण्य बुद्धांनी स्वतः निवडलं होतं. आडनाव विचारणारा मालक आम्ही निवडला नव्हता. सगळं छातीतल्या आवळण्यावर आणून ठेवलं की भोगणाऱ्यानेच बसून सोसायचं आणि मालक सुटला. हिरी (वाईट करण्याची लाज) आणि ओत्तप्प यांना बुद्ध जगाचे रक्षक म्हणतात. ओत्तप्प म्हणजे वाईट कृत्याचं भय. ते मालकाला असायला हवं होतं.

दोन मुलींची आई:
हे मात्र पटलं. तरी मुलुंडबद्दल माझं मत बदललेलं नाही.

भांडुपवासी:
चाळकरी, तुमचं पहिलं बोलणं लागलं. दोन दिवस विचार केला, तरी मुलुंडचा निर्णय मला चूक वाटत नाही. तिथे मी कारण सांगू शकत होतो. इथे स्वतःला विचारलं तर "कोणी काही म्हणेल" यापुढे उत्तरच येत नाही. कोण म्हणेल, काय म्हणेल, काही नाही. शेजारच्या काकूंना तर मी अजून नावही विचारलेलं नाही.

बेलचं करून पाहतोय. काल कुरियरवाला आला, मी भांडी घासत होतो. हातातलं ताट पुरं घासलं, मग दार उघडलं.

रविवारी ड्रिलवाला येतोय. आईला विचारलं तर म्हणाली, "हॉलमध्येच लाव, पण दारातून दिसेल असा नको." तिच्यासोबत बसून, का नको ते आधी विचारणार आहे. ती या शहरात माझ्याआधी तीस वर्षं भाड्याने राहिली आहे.