चामड्याच्या हातमोज्यांना बुरशी, काय करावं?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींचं आर्क वेल्डिंग करतो. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, म्हणजे आमचा सीझन तोच. नेमके तेव्हाच हातमोजे आणि एप्रन हिरवे होतात. गेल्या वर्षी घरच्यांनी चुलीपाशी वाळवले, तर फणसाच्या पापडासारखे कडक! नवे घेताना काय बघू? मुलगाही हाताखाली येतो, तो टेरिकॉटची पँट घालून. ऐकत नाही.

— दादा, आधी मुलाची पँट बदला. टेरिकॉट जळत नाही नुसतं, वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती पँट द्या, खालून दुमडलेली नको, दुमडीत ठिणगी बसते. पँट बुटाच्या वरून सोडायची, आत खोचायची नाही. आणि गळ्याचं बटण लावायला सांगा. मी मालवणात एका दुपारी उघड्या गळ्याने काम केलं, रात्रभर मान भाजल्यासारखी जळत होती.

— चामडं सावलीत, पंख्याखाली वाळवा. बुरशी बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा. मी दोन जोड ठेवतो, एक हातात, एक दोरीवर. ओला मोजा घालून वेल्डिंग रॉडचा होल्डर धरू नका, शॉक बसतो. डिझेल-ग्रीस लागलेला तर फेकाच, पेट घेतो. घेताना शिवण बघा, केवलार दोऱ्याची असली तर उत्तम, साधा दोरा आधी जळतो.

— प्रश्नकर्ता: दुसरा जोड आजच आणतो. पँटीचं त्याच्या आईलाच सांगायला लावतो.