विदा वाढवून न सुटणारा प्रश्न

विदेवरून (म्हणजे डेटावरून) शिकून भाकीत करणाऱ्या संगणकीय मॉडेलबद्दल 'विदा जितकी जास्त, तितके मॉडेल निःपक्षपाती' असे एक मत मांडले जाते. ते मला अर्धेच पटते. नमुना लहान असला की अंदाज डळमळतो, हे खरे. पण भाकीत कशाचे करायचे हेच चुकले असेल, तर जास्त विदेमुळे तीच चूक अधिक ठामपणे होते. अमेरिकेत जादा देखभालीची गरज असलेले रुग्ण निवडणाऱ्या एका मॉडेलवरचा अभ्यास २०१९ साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्या मॉडेलला वंशाची माहिती दिलेलीच नव्हती. तरीही मॉडेलने गरजेचे समान गुण दिलेल्या रुग्णांत कृष्णवर्णीय रुग्ण अधिक आजारी आढळले, कारण मॉडेल आजाराचे नव्हे, तर उपचारांवर होणाऱ्या खर्चाचे भाकीत करत होते. मधुमेह तितकाच असलेल्या दोघांपैकी ज्याला रजा मिळत नाही, दवाखाना लांब पडतो किंवा डॉक्टरांवर भरवसा नाही, त्याच्या नावावर तपासण्या कमी, बिले कमी, आणि म्हणून मॉडेलच्या लेखी तो ठणठणीत; अशा अडचणी कृष्णवर्णीयांच्या वाट्याला अधिक येतात. (खर्चाचे भाकीत मात्र कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय अशा दोन्ही गटांसाठी बऱ्यापैकी अचूक होते, त्यामुळे नेहमीच्या चाचण्यांत काही खटकण्याचे कारणच नव्हते.) ही तफावत दूर केल्यास जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा संशोधकांचा हिशेब होता. पुढे त्यांनी मॉडेलच्या निर्मात्यांबरोबर केलेल्या प्रयोगात खर्चाच्या जोडीला प्रकृतीचेही माप भाकितासाठी धरले, तेव्हा तफावत ८४ टक्क्यांनी घटली.