बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत जाणारी अरुंद गाडी कुठली?

गल्लीवाला: गल्लीच्या तोंडाला लाईटचा खांब आहे, तिथं मोकळी जागा 7 फूट 2 इंच. पुढं घरासमोर गल्ली 10 फुटांची होते. गाडी घराखालच्या जुन्या दुकानगाळ्यात लावायची आहे, शटरची रुंदी 6 फूट 8 इंच, गाळा आत 13 फूट लांब. माणसं चार, त्यात दोघं वयस्कर. वर्षातनं तीन-चारदा चोर्ला घाटातनं गोवा. सहा लाखांच्या आसपास काय घ्यावं?

खानापूररोडकर: आधी एक सांगा, 6 फूट 8 इंच हे भिंत ते भिंत का शटर ज्यात वर-खाली सरकतं त्या पट्टी ते पट्टी? पट्ट्या दोन-तीन इंच खातात, आणि गाडी जाणार ती पट्टीतनं.

कंपनी जी रुंदी छापते त्यात आरसे धरलेले नसतात. आरसे उघडे असले की दोन्हीकडचे मिळून साधारण फूटभर वाढतं. छापील आकडे मिलिमीटरमध्ये असे: ईको 1475, अल्टो के10 1490, कॉमेट 1505, एस-प्रेसो 1520, क्विड 1579, वॅगन आर 1620, टियागो 1677, नवी स्विफ्ट 1735.

खांबाजवळ सरळ जायचंय, तिथं यातली कुठलीही निघेल. अडचण गाळ्यात वळताना येणार. 10 फुटी गल्लीतनं काटकोनात पावणेसात फुटी दारात शिरायचं तर रुंदीइतकीच लांबीही नडते. अल्टो 3530 लांब, दोन-तीनदा मागे-पुढे करून बसेल. वॅगन आर 3655, कागदावर बसते, पण बोटभर चुकलं की बंपर घासला. स्विफ्ट 3860, ती वळणारच नाही, नाद सोडा. आणि समोरच्या घराची पायरी गल्लीत आली असेल तर 10 फूट हे 10 फूट राहत नाहीत, तेही मोजा.

वडगाव_मेस्त्री: टेपबरोबर एक सहा फुटी बांबू घ्या. आडवा धरून कमरेच्या उंचीवर गल्लीच्या तोंडापासनं घरापर्यंत चालत या. आरसे उघडे ठेवून अल्टो साधारण तेवढीच भरते. खिडकीचा गज, मीटरची पेटी, पन्हाळीचा पाईप, जे जे बांबूला लागेल ते आरशाला लागणार. मग तेच खाली घोट्याच्या उंचीवर. ओट्याची कड आणि गटारीवरची वर आलेली फरशी तिथं सापडते. टायरची बाजू फाटते ती यांनीच, भिंतीनं नाही.

वळताना मागचं आतलं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही. पूर्ण स्टिअरिंग मारलं की ते पाऊण मीटर तरी आतनं कापतं. म्हणून नाक आत घालू नका, रिव्हर्सनंच लावा. मागची चाकं आधी दारात येतात, नाक गल्लीत मोकळं फिरतं. सकाळी बाहेर पडताना समोरचं पोरगं, सायकल दिसते हा वेगळा फायदा.

निपाणीकर: दार उघडायचं कोणी बघत नाही ओ. गाडी डावीकडं भिंतीपासनं 8 सेंटीमीटरवर लावली असं धरा. आत 2032 मिमी आहेत, म्हणजे अल्टोला उजवीकडं 46 सेंमी उरतात, वॅगन आरला 33. 46 मध्ये माणूस आडवा होऊन निघतो, 33 मध्ये दार पहिल्या खटक्यापर्यंतसुद्धा जात नाही. वयस्करांना गल्लीतच उतरवायचं, गाळ्यात फक्त चालवणारा.

जमिनीवर उजव्या टायरसाठी पांढरा पट्टा मारा आणि मागं भिंतीपासनं अंतर ठेवून लाकडी ठोकळा. रिव्हर्स सेन्सर जुलै 2019 पासनं सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचा आहे, पण अरुंद जागेत तो सारखा बोंबलतो आणि बारीक सळई त्याला दिसत नाही.

गल्लीवाला: कॉमेट कशी? लांबीला 2974 म्हणजे एकदम लहान दिसूलीय.

खानापूररोडकर: वळायला तिच्यासारखी नाही, टर्निंग रेडियस (वळणाची त्रिज्या) 4.2 मीटर, अल्टोचा 4.5. पण दोनच दारं, आणि लांब. मागं बसायला पुढची सीट सरकवावी लागते, वयस्करांना रोज ते जमायचं नाही. तुमच्या गाळ्यात ते दार अर्धंही उघडणार नाही. शिवाय ती बॅटरीवरची, चार्जिंगला गाळ्यात 15 अँपिअरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवं. वरच्या मजल्यावरनं वायर लोंबत सोडू नका.

ईकोची मागची दारं सरकती, ही तिची मोठी जमेची बाजू. पण इंजिन पुढच्या सीटखाली तापतं, आणि मागच्या चाकांवर चालणारी असल्यानं रिकामी गाडी पावसात चढाला घसरते. चौघांसाठी घेऊ नका.

वडगाव_मेस्त्री: उंच बसायला हवं असेल तर 2019 च्या आधीची जुनी वॅगन आर सेकंडहँड बघा, रुंदी पंधराशेच्या आत. कोल्हापूरकडची स्वस्त मिळाली तर आधी तिथल्या आरटीओची फॉर्म 28 ची एनओसी (ना हरकत दाखला) आणि कर्ज फिटल्याचा कागद बघा. एमएच पाटीवर 12 महिन्यांपेक्षा जास्त इकडं ठेवता येत नाही, आणि बेळगावची केए-22 पाटी करताना आजीवन कर भरावा लागतो. तो किमतीत धरूनच घासाघीस करा.

गल्लीवाला: मोजलं. पट्टी ते पट्टी 6 फूट 6 इंच. समोरची पायरी 5 इंच पुढं आहे.

निपाणीकर: मग नवी वॅगन आर यादीतनं काढा. अल्टो के10 किंवा एस-प्रेसो. एस-प्रेसोत बसायला थोडं उंच पडतं, तुमच्या घरच्यांना तीच बरी. 998 सीसीचं इंजिन चोर्ल्याला चौघांना पुरतं, चढाला एसी बंद करून दुसऱ्या गिअरात ठेवा. बुकिंगच्या आधी टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा, सकाळी सातच्या आत, हातगाड्या लागायच्या आधी, आणि गाळ्यात तीनदा घालून काढून बघा. गणपतीत गल्लीत मांडवाचे वासे उभे राहिले की विसर्जनापर्यंत गाडी बाहेरच लावायची, त्याची जागा आत्ताच बघून ठेवा.